उमविच्या पदवीवर ‘मास कॉम’च्या एमएला: खानदेशातून अर्ज कसा करायचा

माझा पहिला अर्ज मी बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेत भरला. म्हणजे मी खुर्चीच्या मागे उभा होतो आणि भरत होता तो कॅफेवाला. ई-मेलचा रकाना आला तेव्हा मला पासवर्ड आठवेना, मागे रांग होती, त्याने स्वतःचाच ई-मेल टाकून दिला. म्हणाला, ‘दादा, टेन्शन घेऊ नका, आलं की फोन करतो.’ मुलाखतीचं पत्र आलं ते त्याच्या मेलमध्ये, कुठल्याशा भरतीच्या आणि आरटीईच्या शे-दीडशे मेलांखाली. मला कळलं तेव्हा मुलाखत होऊन सहा दिवस झाले होते. एक वर्ष गेलं.

तेव्हा पहिलं काम हे: स्वतःच्या नावाचा साधा ई-मेल आणि निदान दोन वर्षं बंद पडणार नाही असा मोबाइल नंबर. ओटीपी त्यावर, हॉल तिकीट त्यावर, यादी लागल्याचा निरोप त्यावर. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. कॅफेत जायला हरकत नाही, स्कॅनर तिथेच असतो. पण माउस आपल्या हातात हवा.

आधी ठरवा, शिकायचंय काय

आमच्याकडे ‘मीडिया’ म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर माइक येतो. माझे मामा म्हणाले होते, ‘मीडियामा जाईसन काय करशी? टीव्हीवर दिसशी का?’ प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. या एका शब्दाखाली चार निरनिराळी शिक्षणं चालतात आणि आपली मुलं नाव बघून अर्ज करतात.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, ४१ पैकी किती उघडले याची बातमी सगळीकडे फिरते. ती वाचून तुम्हाला तिथे जाऊन बातमी द्यावीशी वाटते का? मग तुमचा रस्ता पत्रकारितेचा. कॅमेरा घेऊन नदीकाठच्या एका घरात दोन दिवस राहावंसं वाटतं? मग निर्मिती, म्हणजे माहितीपट, ध्वनी, संकलन. प्रशासनाने ती सूचना अशी बोजड का लिहिली, कशी लिहायला हवी होती, हे डोक्यात येत असेल तर जनसंपर्क आणि जाहिरात. आणि सूचना कोणत्या गावाला पोचली, कोणत्या गावाला नाही, व्हॉट्सअॅपवर जुना व्हिडिओ खरा म्हणून का चालला, लोकांनी कोणावर विश्वास ठेवला, असले प्रश्न पडत असतील तर तुम्हाला माध्यमांचा आणि संज्ञापनाचा, म्हणजे कम्युनिकेशनचा, अभ्यास करायचा आहे. हा चौथा रस्ता आपल्याकडे सगळ्यात कमी माहीत आहे. वाचन भरपूर, लिखाण भरपूर, माइक फारसा नाही. नोकरी संशोधनात, स्वयंसेवी संस्थांत, अध्यापनात, धोरणाच्या कामात, आणि हो, वृत्तसंस्थांतसुद्धा मिळते.

कुठे

घराजवळून सुरुवात करू. जळगावला आपल्या विद्यापीठातच, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (‘उमवि’), जनसंवाद आणि पत्रकारितेचा विभाग आहे. ‘उमवि’ला कमी लेखायची आपल्याकडे फॅशन आहे, मला ती पटत नाही. घरची शेती बघायची असेल, आईचं आजारपण असेल, तर इथे एमए करून सोबत स्थानिक दैनिकात काम करणं हा शहाणा निर्णय असू शकतो. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही असा विभाग आहे.

पुण्यात दोन वेगळे दरवाजे आहेत, त्यांची गल्लत करू नका. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट म्हणजे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग. विद्यापीठाच्या मुख्य आवारातला माध्यम आणि संज्ञापन अभ्यासाचा विभाग निराळा. मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन आणि पत्रकारिता विभाग कलिन्याला, आणि देवनारला टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा) माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यासाचा एमए, जिथे माहितीपटाची निर्मिती आणि सिद्धांत दोन्ही आहेत.

मराठीतूनच पत्रकारिता शिकायची असेल तर आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. भुसावळहून नागपूरकडची गाडी पकडा, बडनेऱ्याला उतरा. आणखी पुढे गेलात तर वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, तिथे जनसंचार हिंदीतून. इटारसीच्या लाइनने गेलात तर भोपाळला माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचं अख्खं पत्रकारिता विद्यापीठ. खानदेशी पोराला हिंदी जड जात नाही. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरशी आपला रोजचा व्यवहार आहे. तरी हा पर्याय आपल्याकडे कोणी मोजतच नाही.

लांबचे म्हणाल तर हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातलं सरोजिनी नायडू स्कूल, दिल्लीत जामियाचं १९८२ पासूनचं मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर, चेन्नईत एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम. पुण्यातलं सिम्बायोसिस आणि अहमदाबादचं मायका यांच्याकडे जाहिरात आणि व्यवस्थापनाचा ओढा जास्त. फीचा तक्ता घरच्यांसोबत बसून बघा, एकट्याने नाही.

यादी पाच-सहा ठिकाणांची करा. एक असं जिथे प्रवेश नक्की मिळेल, दोन-तीन जिथे मिळू शकेल, एक-दोन जिथे मिळाला तर गावात पेढे वाटाल.

तारखा उलट्या मोजा

वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात म्हणून आपली मुलं जूनमध्ये जागी होतात. तोवर केंद्रीय विद्यापीठांचे दरवाजे बंद झालेले असतात. सीयूईटी पीजीचे, म्हणजे या विद्यापीठांच्या एमएसाठीच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. म्हणजे टीवायच्या वर्षात दिवाळीचा फराळ संपला की कामाला लागायचं. टीवायचा निकाल नाही म्हणून थांबू नका, शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना अर्ज करता येतो. गुणपत्रिका नंतर ठराविक मुदतीत द्यायची असते.

इथे एक फसगत दरवर्षी होते. सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे विद्यापीठाला अर्ज झाला असं नाही. परीक्षा एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था, घेते. गुण आल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते, तिची फी वेगळी, मुदत वेगळी. हैदराबादची एक, बनारस हिंदू विद्यापीठाची दुसरी. टिससुद्धा सीयूईटीचे गुण घेतं आणि त्यापुढे स्वतःचा टप्पा ठेवतं. जामिया आपल्या मास कॉमच्या एमएसाठी स्वतःची प्रवेश परीक्षा घेतं. पुणे आणि मुंबई विद्यापीठांचं वेळापत्रक स्वतंत्र, आयआयएमसीच्या मराठी अभ्यासक्रमाची जाहिरातही स्वतंत्र पाहावी. भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा आणि प्रत्येक ठिकाणाची तारीख लाल पेनाने लिहा. मोबाइलमधलं रिमाइंडर आपण अंगठ्याने सरकवून देतो, भिंत सरकत नाही.

चार वर्षांची पदवी करणाऱ्यांसाठी एक ओळ: नव्या धोरणानुसार तुम्हाला एक वर्षाचं एमए करता येतं, पण ते त्या विद्यापीठाने सुरू केलंय का, हे माहितीपुस्तिकेत बघूनच फॉर्म भरा.

कागदांचा डोंगर

हुशारीपेक्षा कागदांवर जास्त मुलं अडतात. सुरुवात नावापासून. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काहींवर शेवटी आईचंही. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. पासपोर्टवर तिसराच क्रम. त्यात दहावीला ‘सुरेश’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आणि बारावीला नाही. एनटीएचा संगणक हे ओळखत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे ते मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे आताच दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी तर हे काम सगळ्यात आधी करावं. राजपत्राची नोंद लागली तर महिना-दीड महिना सहज जातो.

आपल्या विद्यापीठाचं नाव २०१८मध्ये बदललं. त्याआधी पदवी घेतलेल्यांच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे आणि आता ट्रान्स्क्रिप्ट (गुणांचा एकत्रित उतारा) काढलं तर त्यावर कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव असतं. बाहेरच्या माणसाला ही दोन विद्यापीठं वाटतात. अर्जासोबत दोन ओळींचा खुलासा जोडा: १९९०मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ तेच, नाव बदललं.

जातीचे दाखले. आपल्या सेतू केंद्रात ‘नॉन-क्रिमिलेयर काढायचंय’ म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला मिळतो. हैदराबाद, टिससारख्या ठिकाणी केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. राज्यातली भटक्या-विमुक्तांची, एसबीसीची, एसईबीसीची वर्गवारी केंद्रात त्या नावाने नाही. भटक्या-विमुक्तांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण ते स्वतः तपासा, गावातल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसंच: केंद्राच्या अटीत आठ लाखांच्या उत्पन्नासोबत शेतीची अट आहे, कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर तो दाखला मिळत नाही. उत्पन्न कमी पण सातबाऱ्यावर सहा एकर कोरडवाहू, अशी घरं शिंदखेड्यात, पारोळ्यात पोत्याने आहेत. त्यांनी या आशेवर राहू नये.

शिवाय बहुतेक केंद्रीय संस्था प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा दाखला मागतात. जानेवारीत फॉर्म भरताना जुना लावला तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्यासाठी अर्ज टाका. मे महिन्यात प्रांत कार्यालयात अकरावीच्या, डिप्लोमाच्या मुलांची झुंबड असते.

प्रवेश परीक्षा

सीयूईटी पीजीत ७५ प्रश्न, ९० मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. हिशेब करून बघा: चार पर्यायांतले दोन खोडता आले तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं कधीही फायद्याचं. वजा गुणांच्या धाकाने वीस-वीस प्रश्न कोरे सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. मास कम्युनिकेशनची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. इंग्रजीची धास्ती असेल तर हिंदी घ्या, फक्त ‘संप्रेषण’, ‘अभिमत’, ‘दुष्प्रचार’ असे हिंदीतले शब्द आधी ओळखीचे करून घ्या.

अभ्यासात सनावळी पाठ करावीच लागते, नाइलाज आहे. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२, माहिती अधिकार कायदा २००५, १८६७च्या जुन्या छापखाना कायद्याच्या जागी आलेला २०२३चा नियतकालिक नोंदणी कायदा, जो १ मार्च २०२४पासून लागू झाला. राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९(१)(अ) आणि त्यावरच्या बंधनांचं १९(२) जोडीने वाचा. उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवायचा ‘साइट’ प्रयोग १९७५-७६, सहा राज्यं, २४०० गावं. त्यात महाराष्ट्र नव्हता.

सिद्धांत मात्र पाठ करू नका, गावात शोधा. एव्हरेट रॉजर्सने १९६२मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते याची मांडणी केली. तिचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं, या १९४३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आता रावेर-यावल पट्ट्यात टिश्यूकल्चरची केळी आठवा. गावात पहिल्यांदा ती रोपं कोणी आणली? लोक त्याला काय म्हणाले? बांधावरून किती हंगाम बघत राहिले? त्यांना पटवलं ते कृषी अधिकाऱ्याने, दुकानदाराने, की चुलतभावाच्या घडाच्या वजनाने? नवी गोष्ट सगळ्यात आधी घेणाऱ्यांपासून सगळ्यात शेवटी घेणाऱ्यांपर्यंत रॉजर्सने केलेले पाचही गट तुमच्या शिवारात नावानिशी सापडतील. मॅकोम्ब्स आणि शॉ यांचा १९७२चा विषयसूची-निश्चितीचा (अजेंडा सेटिंग) सिद्धांत, म्हणजे माध्यमं ज्यावर भर देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटतं हा, समजायला जिल्हा आवृत्तीचं पहिलं पान आठवडाभर समोर ठेवा आणि तुमच्या चौकातल्या पारावर त्या आठवड्यात काय बोललं गेलं ते लिहून काढा. जुळलं तर का, नाही जुळलं तर का.

एसओपी: इथे वेळ घालवा

‘आपण हा अभ्यासक्रम का निवडत आहात?’ या प्रश्नाला पाचशे ते हजार शब्दांत उत्तर मागतात, तीच एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज). सगळीकडे नाही, पण जिथे मागतात तिथे निकाल बराचसा यावर असतो. माझ्याकडे तपासायला येणारे दहातले सात मसुदे एकाच वाक्याने सुरू होतात: ‘लहानपणापासूनच मला मीडियाची आवड आहे. मीडिया हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे.’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. खोडा.

दोन वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातली एक मुलगी असाच मसुदा घेऊन आली. चौथा स्तंभ, मग बारावीचे टक्के, मग ‘समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ’. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, काल संध्याकाळी तुझ्या घरात मोबाइलवर काय चाललं होतं? ती हसली. ‘पप्पा केळीचा भाव बघत होते.’ मग? ‘मग काय, त्यांच्या पाच ग्रुपवर पाच भाव.’

तिथून गाडी सुरू झाली. बाजारात जाहीर होणारा बोर्डाचा भाव एका ग्रुपवर येतो, बऱ्हाणपूरच्या लिलावाचा दुसऱ्यावर. रात्री व्यापाऱ्याचा माणूस मोटरसायकलवर येतो आणि वेगळाच भाव सांगतो, आणि घड त्या भावाने कापला जातो. वडील पाचही ग्रुप सोडत नाहीत. का? तिला माहीत नव्हतं, पण आता तो प्रश्न तिचा झाला होता. तिने पंधरा दिवस एका वहीत रोजचे पाचही भाव लिहिले, शेवटी मिळालेला भाव लिहिला, आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांना विचारलं की तुम्ही कोणाचा मेसेज खरा धरता. दोघांनी सांगितलं, भावासाठी नाही, ‘बाकीचे विकताहेत की थांबलेत’ हे कळायला ग्रुप बघतो. हे उत्तर तिच्या एसओपीच्या मधोमध आहे. नव्या मसुद्याची सुरुवात अशी झाली: ‘आमच्या घरात रोज रात्री आठ वाजता केळीचे पाच भाव येतात आणि सहाव्या भावाने माल विकला जातो. माहिती इतकी असताना माझ्या वडिलांची सौदा करण्याची ताकद का वाढत नाही, हे मला समजून घ्यायचं आहे.’

पुढे तिने काय वाचलं, त्या विभागातल्या कोणत्या अभ्यासपत्रिकांचा तिला उपयोग होईल, दोन वर्षांनी काय करायचंय, हे चार परिच्छेदांत. टक्के कुठेच नाहीत, ते गुणपत्रिकेत असतातच.

केळीच हवी असं नाही. अहिराणी गाण्यांचं आणि विनोदी व्हिडिओंचं यूट्यूबवरचं जग घ्या: कॅमेरा कोणाचा, पैसा कोणाचा, पुण्या-सुरतेला कामाला गेलेली माणसं ते रात्री का बघतात? धडगाव-अक्कलकुव्यात टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली तेव्हा नेटवर्कसाठी टेकडी चढणारी पोरं होती. शिक्षकांनी मग निरोप कसे पोचवले? चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स, आठवडी बाजाराची दवंडी देणारी भोंग्याची रिक्षा, आकाशवाणी जळगाव लावून निंदणी करणाऱ्या बाया. जुनी वर्तमानपत्रं आणि कागदपत्रं बघायची असतील तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. पुण्या-मुंबईच्या अर्जदाराला हे विषय शोधायला प्रवासखर्च पडतो, तुम्हाला ओट्यावर बसून मिळतात. पण नुसतं ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणून थांबलात तर ते निबंध-लेखन झालं. शेवटी प्रश्न हवा, आणि त्या प्रश्नापायी तुम्ही काहीतरी केलेलं हवं. पंधरा दिवसांची वहीसुद्धा चालते.

आणखी एक. गरिबी विकू नका. वडिलांचं कर्ज, पावसाने गेलेलं पीक हे आलंच तर प्रश्नाचा भाग म्हणून येऊ द्या. वाचणाऱ्याला गहिवर आणायला लिहिलं की ते दुसऱ्या ओळीत कळतं.

भाषेचं म्हणाल तर आधी मराठीत, हवं तर अहिराणीत लिहा, मग इंग्रजीत आणा. एआयकडून लिहून घेतलेल्या एसओपी आता डोळे झाकून ओळखता येतात; सगळ्याच ‘प्रवासा’विषयी आणि ‘ध्यासा’विषयी असतात. व्याकरण तपासायला वापरा, सांगायचं काय ते त्याला विचारू नका.

शिफारसपत्र

‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तालुक्याच्या कॉलेजात बहुतेकांना हेच ऐकायला मिळतं. सरांचा दोष काढायचं कारण नाही, त्यांना असं पत्र कोणी कधी मागितलेलंच नसतं. स्वतःचं कौतुक स्वतः लिहिलंत तर तीन सरांची तीन पत्रं एकाच आवाजात बोलतात. त्यापेक्षा सरांना एक पान द्या: तुमच्या वर्गात मी अमुक विषयावर सादरीकरण केलं होतं, त्यावर तुम्ही अमुक म्हणालात, कॉलेजच्या अंकासाठी मी या दोन मुलाखती घेतल्या, कुठे अर्ज करतोय, मुदत कधी. मग सरांच्या घरी चहाला बसून म्हणा, सर, तुम्ही बोला, मी टाइप करतो. पत्र त्यांच्या शब्दांत होतं आणि त्यांचा अर्धाच तास जातो.

परदेशी विद्यापीठं सरांच्या कॉलेजच्या ई-मेलवर दुवा पाठवतात. सर जीमेल वापरत असतील तर प्राचार्यांना भेटून कॉलेजच्या डोमेनवरचा पत्ता आधीच सुरू करून घ्या. आणि मुदतीच्या आठ दिवस आधी एकदा, दोन दिवस आधी एकदा आठवण करा. राग येत नाही कोणाला.

मुलाखत

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतीत विचारलं, कोणतं वर्तमानपत्र वाचता? मी एका इंग्रजी दैनिकाचं नाव ठोकलं. पुढचा प्रश्न आला, कालच्या अग्रलेखाचा विषय काय होता? गावात ते दैनिक येतच नव्हतं. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते विचारू नका. जे वाचता तेच सांगा. जिल्हा पुरवणी वाचत असाल तर ती इतकी नीट वाचा की तिच्यावर दहा मिनिटं बोलता येईल. इंग्रजी अडलं तर थांबा, ‘मी हिंदीत सांगू का?’ असं विचारा, बऱ्याच ठिकाणी चालतं. आपल्या बोलीतल्या ‘न’ आणि ‘ण’ची काळजी तर अजिबात करू नका. मुलाखत ऑनलाइन असेल तर गावातल्या वायफायच्या भरवशावर बसू नका. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून तालुक्याला मित्राच्या खोलीवर बसा, सोबत दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा.

पैसा आणि परदेश

राज्यात शिकणाऱ्यांना राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती, आणि वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. प्रवेश झाल्याबरोबर अर्ज करा, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधीच बघा.

परदेशाचं स्वप्न असेल तर सगळं एक वर्ष अलीकडे ओढा. ब्रिटनचं एमए बहुधा एका वर्षाचं असतं. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद खरे असल्याची तपासणी) लागतं आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे दरमहा ठराविकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. पदवी मराठी माध्यमातली असेल तर आयईएलटीएस किंवा तशी इंग्रजीची परीक्षा टळत नाही. आयईएलटीएसची फी १७ हजारांच्या पुढे आणि गुण दोनच वर्षं चालतात, म्हणून हौसेने लवकर देऊन ठेवू नका. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. स्थानिक दैनिकात पगारी काम केलं असेल तर ते मोजलं जातं, फक्त तासांचा हिशेब ठेवा.

अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तशाच आदिवासी विकास विभागाच्या, बहुजन कल्याण विभागाच्या आणि (मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी) सारथीच्या योजना आहेत. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट दर वर्षाच्या जाहिरातीत बघा, ती बदलत आली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. केळीच्या भावाचा प्रश्न घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण अर्ज नाकारला जातो तो त्या नियमानेच.

कर्जासाठी बँकेत गेलात की तारण विचारतील आणि तुम्ही सातबारा पुढे कराल. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, घर किंवा ठेव मागतात. देशातल्या नामांकित संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज आहे, पण तुमची संस्था त्या यादीत आहे का ते शाखेत जाण्यापूर्वी पोर्टलवर बघा. शाखेतल्या साहेबांना योजनेचं नाव नवं असेल, छापील कागद सोबत न्या.

यादीत नाव लागल्यावर

आधी लागलेल्या यादीत नाव आलं की जागा धरून ठेवायला फी भरा आणि पावती जपा. नंतर जास्त आवडीच्या ठिकाणी लागलं तर पहिली जागा लेखी अर्ज देऊनच सोडा. फी परत करण्याबाबत यूजीसीची सूचना दरवर्षी निघते, तिची प्रत अर्जाला जोडली की कार्यालयातला सूर बदलतो.

मग कॉलेजातून टीसी आणि जळगावहून मायग्रेशन. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतंच आणि नंदुरबारहून त्यासाठी एक पूर्ण दिवस मोडतो, सकाळच्या सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने निघा. मूळ कागद जमा करण्याआधी प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन. टीसी देताना क्लार्क भाऊसाहेब विचारतील, ‘शेरा काय टाकू? कशासाठी नेतोय?’ ‘पुढील शिक्षणासाठी’ एवढंच सांगा. मी ‘माध्यम आणि संज्ञापन अभ्यासासाठी’ म्हणालो होतो, त्यांनी टीसीवर ‘संगणक अभ्यासासाठी’ लिहिलं आणि मला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.